गणपती किती दिवसांचा?

पासपोर्टचा फॉर्म ताईने तिच्या मोबाईलवर भरला. शिक्षणाच्या रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "नववी लिहू ना?"

"नववी पास नाय. नववीत सोडली."

"मग आठवी," असं म्हणून ती पुढच्या रकान्यावर गेली.

मला त्याचं काही वाटलं नाही. खरंच होतं ते. वडील गेले तेव्हा ताई बारावीला होती आणि मी नववीला. दोघांपैकी एकाचंच पुढे चालेल, एवढीच घराची ऐपत. मला कुणी शाळा सोड म्हणालं नाही. इंग्रजीत मी तसाही गटांगळ्या खात होतो आणि ताईचं नाव मुरबाडच्या शाळेत फळ्यावर लागलं होतं, त्यामुळे विचारायचं काही उरलं नव्हतं. मी शेणव्याजवळच्या भाताच्या गिरणीत जायला लागलो, आजही तिथेच जातो. ताई आसनगावहून पास काढून कॉलेजला गेली, बँकेत लागली, लग्नानंतर तिने कल्याणला मोठ्या सोसायटीत घर घेतलं. आमचं न्हाणीघर तिने बांधून दिलं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिने करवून घेतलं, डॉक्टरसमोर मला बोलता येईना तेव्हा तीच बोलली. गावात म्हणतात, भावाने बहिणीला शिकवलं. मला ते ऐकून लाज वाटते. मी काय शिकवलं? मी फक्त बाजूला झालो. नंतर सगळं तिनेच केलं.

आईची एकच इच्छा होती. तिला बुद्धाचा देश बघायचा होता. आमच्या गावात आमची सहा घरं, गावाच्या शेवटाला. आजोबांनी धर्मांतराच्या वेळी घरातले देव फडक्यात बांधून भातसा नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत. पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून वंदना घेते. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण सगळं पाठ आहे. ती म्हणायची, "जिकडं बघावं तिकडं आपलेच लोक, असा एक गाव मला मरायच्या आधी बघायचाय."

ताईचा फोन आला तेव्हा मी गिरणीतून नुकताच घरी आलो होतो. "आईला सांग, बँकॉकला जायचंय. सगळा देशच बुद्धाचा आहे. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप चाललाय, त्यात आपलं तिघांचं आणि माझ्या लेकीचं बसतंय. ह्यांना रजा नाही." आईने फोन घेतला आणि "खरं गो?" असं तीनदा विचारलं. मला वाटलं, देशात असा एक तरी माणूस असेल का, ज्याची बहीण गिरणीतल्या भावाला विमानात बसवते.

आदल्या दिवशी आम्ही कल्याणला तिच्याकडे गेलो. ताईने आईची पिशवी उघडली, सगळं बाहेर काढून परत भरलं. पांढरी साडी तिने बाजूला ठेवली.

"ती असू दे गो," आई म्हणाली.

"प्रवासात पांढरी मळते. आणि लोकांना वाटेल, कुणी गेलंय. ही फुलांची घे, ही चांगली दिसते."

आईने फुलांची घेतली. मी तिथेच होतो. मला वाटलं, मळते हे खरंच आहे.

विमानतळावर ग्रुप भेटला. सगळ्यात पुढे सोसायटीच्या सेक्रेटरीबाई होत्या, गोऱ्या, हसऱ्या, सगळ्यांच्या बॅगांवर स्वतःच्या हाताने लाल रिबिनी बांधणाऱ्या. त्यांनी आईच्या पायाला हात लावला. "काकू, तुमची लेक म्हणजे आमच्या सोसायटीचा खांब आहे." आई संकोचून पदर सावरत राहिली. मला त्या बाई पहिल्या क्षणापासून आवडल्या, हे मला इथे लिहायला हवं.

बँकॉकमध्ये मी पहिले दोन दिवस घाबरूनच होतो. हॉटेलच्या खोलीला चावी नव्हती, कार्ड होतं. ते हरवलं तर काय, म्हणून मी ते बनियनच्या आत ठेवायचो. लिफ्टमध्ये ते कार्ड टेकवल्याशिवाय मजल्याचं बटण लागत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून एकदा मी वर-खाली चार फेऱ्या केल्या, दुसरे लोक जिथे नेतील तिथे गेलो, आणि शेवटी जिन्याने नऊ मजले चढलो. भाची हसून लोळली. "मामा, तू कुणाला तरी विचारायचंस ना."

"कनच्या भाषेत?"

"खुणेने."

"खुणेनं नववा मजला कसा सांगतात?"

तिने नऊ बोटं दाखवली. मग मलाही हसू आलं.

शहर म्हणाल तर डोक्यावरून एक रेल्वे, तिच्या वर एक रस्ता, खाली पुन्हा रस्ता, आणि मध्ये विजेच्या तारांचे एवढाले गुंडाळे की आमच्या वायरमनने बघितले असते तर रजा टाकली असती. नारिंगी जाकिटं घातलेले मोटारसायकलवाले बायकांना मागे एका अंगाने बसवून गाड्यांच्या फटींतून जायचे. पण फूटपाथवर एका गाडीवाल्याजवळ मी थांबलो. तो सुकवलेला माकूल मासा दोन लोखंडी रुळांतून फिरवून पातळ करत होता. एक रूळ मोठा, एक लहान, हाताने फिरवायचं चाक. आमच्या गिरणीतलंच काम, तिथेही भात रुळांतूनच जातं. मी त्याला खुणेने म्हटलं, मीपण हेच करतो. त्याने मला चाक फिरवायला दिलं. त्या अर्ध्या मिनिटात माझी भीती पहिल्यांदा गेली.

आईची गेली ती बाजारात. तिथे सुकी मासळी ढिगांनी होती, करंदी, वाकट्या, कसले कसले मासे उभे चिरून वाळवलेले. ग्रुपमधल्या बायकांनी ओढण्या नाकाला लावल्या. आई मात्र ढिगाजवळ वाकली, करंदीचा एक दाणा चावून बघितला आणि विकणारीला म्हणाली, "मीठ कमी हाय गो बाय." विकणारी मान डोलवून हसली. "मुरबाडच्या बाजारासारखंच हाय सगळं," आई मला म्हणाली. "उगाच भेत होतो आपण."

ताई पुढून म्हणाली, "आई, चल, त्यांना वास सहन होत नाहीये." तिने स्वतःही ओढणी नाकाला लावली होती. लहानपणी सुकटीच्या कालवणासाठी माझ्या ताटात हात घालणारी ताई. मला गंमत वाटली, तेवढंच.

आई रोज सकाळी विचारायची, "आज विहार?" पहिल्या दिवशी ताई म्हणाली, "आज मॉल आहे, उद्या." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज पाण्यावरचा बाजार, उद्या नक्की."

पाण्यावरच्या बाजाराला जाताना बसमध्ये ते झालं. आई खिडकीशी, मी तिच्या शेजारी, ताई मागच्या सीटवर. पुढच्या सीटवरून सेक्रेटरीबाई वळल्या, हनुवटी सीटच्या पाठीवर टेकवली, आणि वेळ जावा म्हणून विचारावं तसं विचारलं, "दादा, तुमच्या गावी गणपती किती दिवसांचा?"

आमच्या भागात हा प्रश्न सगळेच विचारतात. दीड, पाच, गौरीबरोबरचा, असं उत्तर द्यायचं असतं. मी सरळ सांगितलं, "आमच्याकडं नसतो."

बाई तशाच हसत माझ्याकडे बघत राहिल्या. मागून ताईचा आवाज आला, जरा मोठा. "अहो, गावच्या घरी म्हणतोय तो. बाबा गेल्यापासून गावी बंद केला. आता माझ्याकडेच असतो ना."

"हो ना," बाई म्हणाल्या. "हिच्याकडचा दीड दिवस आम्ही कधी चुकवत नाही. सहा वर्षं झाली. तुम्ही दोघं मात्र कधी दिसला नाहीत."

"गिरणीला सुट्टी नसते त्याला," ताई म्हणाली.

मी आईकडे बघितलं. ती बाहेरच्या नारळांकडे बघत होती. बसच्या आवाजात तिला ऐकू गेलं असेल-नसेल.

सहा वर्षं. दर वर्षी त्या दिवसांच्या आधी ताईचा फोन यायचा, "आता आठवडाभर येऊ नका, बँकेत ऑडिट आहे, मी घरी नसते." ऑडिट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. बँकेला गणपतीच्याच दिवसांत ऑडिट लागतं, एवढं मी धरून चाललो होतो. गिरणीत कुणी बँकेच्या कामाला निघालं की मी सांगायचो पण, "आत्ता जाऊ नको, ऑडिट असतंय." मला एकेक गोष्ट आठवायला लागली. तिच्या हॉलच्या कोपऱ्यात छताला दोन हुक होते. मला वाटायचं, भाचीच्या पाळण्याचे असतील. आपल्या घरात समोरच्या भिंतीवर असतात त्या दोन तसबिरी तिच्याकडे कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावलेल्या होत्या. मला वाटायचं, शहरात भिंती कमी.

दुपारी हॉटेलवर आलो. आई अंघोळीला गेली आणि ताई आमच्या खोलीत आली. दार लावून ती पलंगाच्या कडेवर बसली.

"नसतो काय म्हणालास रे?"

"नसतोच ना आपल्याकडं."

"दीड दिवस म्हणायला काय जात होतं तुझं?"

"मला काय ठाऊक? तू सांगितलं होतंस का?" मग मी म्हणालो, "मंग ते ऑडिट नव्हतं."

आत नळाचा आवाज येत होता. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. लग्नानंतर ती आणि दाजी भाड्याचं घर शोधत होते तेव्हाची गोष्ट. दाजी पण आमच्यातलेच. आडनावावरून आमचं काही कळत नाही, ते सगळ्यांत असतं. म्हणून लोक गाव विचारतात. गाव सांगितलं की, गावात कुठल्या बाजूला घर, असं विचारतात. दोन ठिकाणी तिने शेवटाला म्हणून सांगितलं. दोन्ही ठिकाणी, कळवतो म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी ती म्हणाली, मधल्या आळीत. चावी लगेच मिळाली.

"ते एकदा बोललं ना, की मग थांबता येत नाही," ती म्हणाली. "त्याच घरमालकाचे पाहुणे नव्या सोसायटीत निघाले. मधल्या आळीतल्या माणसाकडे गणपती नको का? हळदीकुंकू नको का? मी रोज तिथे राहते. लेकीला शाळेत सोडायला त्यांचीच गाडी येते."

"भाचीला ठाऊक हाय?"

"आहे ना. कुठे काय बोलायचं ते तिला बरोबर कळतं. तुझ्यापेक्षा."

हे मला लागलं. ती पुढे म्हणाली, "उद्या मंदिर आहे. आई तिथे काय करेल ते मला माहीत आहे. तू तिला धरून राहा. हात जोडायचे, फोटो काढायचे, बाहेर यायचं. तूच सांग तिला."

"तू सांग ना."

"मी कसं सांगू?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "मला ती काय म्हणेल? तुझं ती ऐकते. चार दिवसांचा प्रश्न आहे रे. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलंय?"

नव्हतं मागितलं. न्हाणीघर, डोळ्यांचं ऑपरेशन, हे विमान, ही गादी. मी मनातल्या मनात सगळं धरून बघितलं आणि म्हणालो, "बरं."

आईने त्या देशात पाय ठेवला होता तो एकाच गोष्टीसाठी, आणि तिला ती गोष्ट करू द्यायची नाही हे काम मी अंगावर घेतलं होतं. रात्रीपर्यंत मी तिला काही सांगू शकलो नाही. सकाळीही नाही.

मंदिरात चपला काढून पिशवीत घालून हातात धरायच्या होत्या. आत बुद्ध आडवा झोपलेला, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही एवढा. सगळा सोन्याच्या रंगाचा. आई बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिने विचारलं, "पाय कुठं हायत?" आम्ही चालत चालत पायांपर्यंत गेलो. तिथे बाजूच्या छोट्या दालनात एक बसलेली मूर्ती होती, आणि तिच्यासमोर सतरंजीवर पाच-सहा तिकडच्या बायका गुडघे मोडून बसल्या होत्या. आईने पिशवी माझ्याकडे दिली.

"आई," मी म्हणालो, "इथं मोठ्यानं नको म्हणू."

"का?"

"लोक हायत."

"लोक त्याच्यासाठीच आल्यात ना," आई म्हणाली आणि जाऊन बसली. पाचही अंगं टेकून तीनदा वाकली आणि वंदना सुरू केली. तिचा आवाज भाताच्या आवणीच्या वेळी बांधावरून हाक मारतात तसा आहे, लहान करता येत नाही.

शेजारी चष्मा घातलेली एक बाई होती, कसल्याशा दुकानाचा गणवेश, जेवणाच्या सुट्टीत आली असावी. तिने मान वळवून बघितलं, आणि पुढच्या ओळीला ती आईबरोबर म्हणायला लागली. मग दुसरी. मग सगळ्या. शब्द आमचेच, पण त्यांच्या तोंडात वेगळे झालेले. आई बुद्धं म्हणायची, त्या फुत्थंग म्हणायच्या. आई सरणं, त्या सरणंग. आई एक क्षण थांबली, कान दिला, तिच्या लक्षात आलं, आणि ती माझ्याकडे वळून तोंडभर हसली. "बग रे. यांचं पण गावठीच हाय." आणि पुन्हा सुरू झाली. शेवटचं साधू साधू साधू त्यांनी एकदमच म्हटलं. चष्म्याच्या बाईने आईचा गुडघा दाबला आणि आपल्या हातातली कमळाची कळी तिच्या हातात दिली.

मी आईला इतकी आनंदात कधी बघितलेली नाही. ताईच्या लग्नातही नाही.

मागे वळलो तर ग्रुप आला होता. सेक्रेटरीबाईंच्या हातात मोबाईल, बहुतेक रेकॉर्डिंग चालू. "अगं बाई," त्या ताईला म्हणाल्या, "काकूंना हे सगळं पाठ कसं?"

ताई हसली. "टीव्हीवर लागतं ना सकाळी. तिचं पाठांतर पहिल्यापासून छान आहे."

बाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. "हो का दादा? टीव्हीवर?"

आई अजून खाली बसलेली होती, कमळ हातात, वर माझ्याकडे बघत. भाचीही बघत होती, शिक्षक एखाद्याला उभं करून विचारतात तेव्हा बाकीची पोरं बघतात तशी. ताई बघत नव्हती. ती चपलांच्या पिशवीची गाठ सोडत होती.

"हो," मी म्हणालो. "सकाळी लागतं."

हे दुसरं वाक्य माझ्याकडे कुणी मागितलंही नव्हतं.

आईने माझा हात न धरता उठायचा प्रयत्न केला. चष्म्याच्या बाईने तिला उठवलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आई कुणाशी बोलली नाही. जेवायला चल म्हटलं तर भूक नाही म्हणाली. हॉटेलच्या काचेच्या पेल्यात तिने कळी ठेवली होती आणि तिच्यासमोर खुर्चीत बसली होती. मी म्हणालो, "आई, ताईनं सांगितलं होतं म्हणून. तिचं तिकडं अवघड हाय."

"ऐकलंय मी. बसमधलं पण ऐकलं." तिने पेला सरळ केला. "तिचं जाऊ दे. तिला तिथं राहायचंय. तुला कुठं राहायचं होतं?"

मला परत त्याच सहा घरांत, त्याच गिरणीत यायचं होतं, जिथे मी कोण हे शेंबड्या पोराला पण माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. विमानतळावर ताई, आई आणि भाची बाथरूमकडे गेल्या. मी सामानाजवळ बसलो. सेक्रेटरीबाई शेजारी येऊन बसल्या, आणि वाळवलेल्या आंब्याची पाकिटं एका पिशवीतून दुसरीत भरायला लागल्या. मी रात्रभर एकच वाक्य घोकलं होतं. ते मी एका दमात बोलून टाकलं. "मॅडम, ते टीव्हीचं खोटं होतं. आईला ते घरचं येतं. आमी बौद्ध."

बाईंनी हातातलं पाकीट नीट बसवलं. "अहो, माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"पहिल्याच वर्षी कळलं. आरती म्हणताना तिचे ओठ हलतात, पण ती आमच्या तोंडाकडे बघून म्हणते, त्यामुळे एक शब्द मागे असते. लहानपणापासून म्हटलेल्या माणसाला तोंडाकडे बघावं लागत नाही हो." त्या हसल्या, वाईट हसल्या असं नाही. "आम्ही बायका एकमेकींकडे बघतो आणि गप्प बसतो. कशाला कुणाला दुखवायचं? मोदक मात्र सुरेख करते."

"मंग मला बसमध्ये विचारलंत ते?"

"गंमत हो. म्हटलं, भाऊ काय म्हणतोय बघू." त्यांनी पिशवीची चेन ओढली. "तिला सांगू नका हं, आम्हाला माहीत आहे म्हणून. वाईट वाटेल तिला."

याच बाईंनी आईच्या पायाला हात लावला होता. ताईचा मला राग होता, कालपासून होता. पण या बाई हसल्या तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ताई उभी राहिली, नवी साडी नेसून, ताम्हन धरून, या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत. सहा वर्षं.

विमानात आई खिडकीशी बसली आणि लगेच डोळे मिटले. मध्ये ताई, मग मी. भाची बायकांबरोबर पुढे. विमान वर जाऊन सरळ झालं तेव्हा ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थँक्यू रे," ती म्हणाली. "काल तू सांभाळलंस. कुणाला काही कळलं नाही."

मी हं म्हणून सोडून देऊ शकलो असतो. आयुष्यभर तेच केलंय. पण आईचं "तुला कुठं राहायचं होतं?" हे माझ्या डोक्यात होतं.

"ताई, त्यांना ठाऊक हाय. पहिल्या वर्षापासून."

तिने हात काढला नाही. फक्त तो जड झाला. "कोण म्हणालं?"

"सेक्रेटरीबाई. मघाशी."

"तुला? त्या तुझ्याशी कशाला बोलतील हे?" मग तिने माझ्याकडे वळून बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत काय चाललंय ते मला दिसलं. "तू काय बोललास त्यांना?"

"मी टीव्हीचं तेवढं खरं सांगितलं. पण त्याच्या आधीच त्यांना..."

"म्हणजे तू सांगितलंस."

"ताई, तसं नाय. त्या म्हणाल्या, आरती म्हणताना तू..." पुढचं माझ्याच्याने बोलवेना. तिच्या ओठांचं मी तिला कसं सांगणार होतो?

"चार दिवस," ती म्हणाली. "फक्त चार दिवस मागितले होते रे तुझ्याकडे."

तिने हात मांडीवर घेतला. मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, दोनदा. तिने कानात वायरी घातल्या. तिला वाटलं, सहा वर्षं तिने जे सांभाळलं ते मी एका दुपारी विमानतळावर मोडलं. त्या बाई खोट्या असतील, असं तिच्या मनातही आलं नाही. खोटा मी. मला ते समजतं. त्यांच्याशी तिला रोज बोलायचं आहे, म्हणून त्यांना खरं धरणं तिला भाग आहे. समजतं म्हणून कमी दुखतं असं नाही.

मुंबईत उतरल्यावर ती लेकीला घेऊन ग्रुपच्या गाडीत बसली. आईला तिने जवळ घेतलं. मला म्हणाली, "आईला जपून ने."

त्याला आता वर्ष होत आलं. ताईने माझा फोन उचललेला नाही. आईला मात्र दर रविवारी फोन करते. आईला कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून ती फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवते. ताई आधी विचारते, घरच्या बोलीत, जी ती आता फक्त इथेच बोलते, "जवळ कोण हाय गो?"

आई माझ्याकडे बघते. "कोण नाय," म्हणते. "एकलीच हाय."

मग ताई बोलायला लागते. भाचीच्या क्लासचं, पाण्याचा टँकर आला नाही त्याचं, पाठ दुखते त्याचं. मी समोर बसलेला असतो. हातात वाल सोलायला घेतलेले असले तर ते खाली ठेवतो, सालीचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून.